च्च

नियम कुणी सांगितले नाहीत.
दिवाडीच्या धक्क्यावर फळा नव्हता,
पंचायतीच्या भिंतीवर नोटीस होती
ती कुत्र्यांना सुया टोचायच्या तारखांची.
आम्ही शिकलो ते एका आवाजावर,
जीभ टाळूला लागून सुटते तेव्हाचा,
पालीचा असतो तसा,
च्च.

फेरीबोटीची फळी टेकायच्या आधी
मी पाय उचलला. च्च.
कुणी केलं ते दिसलं नाही.
सायकलवाला पोदेर, मडकी घेऊन निघालेली बाई,
छत्री मिटून उभा असलेला पाद्री,
सगळे पाण्याकडे बघत होते.
पाय आपोआप खाली आला.

दुपारी एक ते चार कुणाचं दार वाजवायचं नाही,
आग लागली तरी आधी खोकायचं.
जायचं असलं की ‘येतो’ म्हणायचं,
आणि मेलेल्याच्या घरून निघताना
तेवढंच म्हणायचं नाही.

आय बाजारातून मासळी घेऊन यायची.
देवळासमोर आली की
डाव्या हातातली पिशवी उजव्या हातात,
चालणं न थांबवता,
पेर्पेतिनबाईशी चाललेलं बोलणंही न थांबवता.
मागून मी. माझं दप्तरही
डाव्या हातातून उजव्या हातात.
त्यात बांगडा नव्हता, बे एके बे होतं.
कुणी हसलं नाही.
म्हणजे मी पास झाले.

पेर्पेतिनबाईकडे चवथीला नेवऱ्यांचं ताट जायचं,
नाताळात तेच ताट दोदोल घेऊन परत यायचं.
रिकामं ताट कधीच आलं-गेलं नाही,
एका वर्षी तिच्याकडे काहीच नव्हतं
तर चार लिंबं आणि थोडं मीठ.
आता दोघीही नाहीत
आणि ताट मुळात कुणाचं होतं
हे सांगायला कुणी उरलेलं नाही.
हेही मी त्याच शाळेत शिकले,
म्हणून सगळ्या शाळेला शिव्या देता येत नाहीत.

पण भाटकाराचं घर.
तीन पायऱ्या, वर बाल्कांव,
समोरासमोर लाल सिमेंटची दोन बाकं.
नारळ पाडायच्या दिवशी आम्ही खाली, चिकूच्या झाडाशी,
चपला काढून.
उभे मात्र खडीवरच.
पाय दुखले म्हणून मी एकदा
पहिल्या पायरीवर टेकले. सहा वर्षांची असेन.
तेव्हा आवाजसुद्धा झाला नाही.
आयनं नुसतं पाहिलं,
आणि मी उठले, आणि फ्रॉकची मागची बाजू झटकली,
जणू पायरीचंच काही माझ्याकडे राहिलं असावं.

गेल्या मंगळवारी त्याच घरी गेले,
पंचायतीची कारकून म्हणून,
अकरा वर्षांच्या थकलेल्या घरपट्टीची फाइल घेऊन.
भावाची नेत्रा सोबत, तिला शाळेला सुट्टी.
स्विंडनहून आलेला भाटकाराचा नातू आवेलिन
अर्ध्या चड्डीत बाहेर आला, म्हणाला,
बस गो, उभी कित्याक?
मी म्हटलं, बरी आहे इथं.
त्याला ते शिष्टाचार वाटले असावेत.

खाली पाहिलं तर
चपला बाजूला, जोडीनं, टाचा सरळ रेषेत.
कधी काढल्या, आठवत नाही.

नेत्रा बुटांसकट तीन पायऱ्या चढली,
लाल बाकावर बसली, पाय हलवू लागली,
आणि आवेलिनला विचारलं, फ्रिजमधलं पाणी आहे का?
तो हसून आत गेला.

माझी जीभ टाळूला लागली.
मी तिला धरून ठेवायला बघत होते, खरंच,
आयच्या गळ्याशपथ.
सुटली.
च्च.

नेत्रानं पाय हलवायचे थांबवले.
वर पाहिलं, कौलांकडे, वाशांकडे,
कोपऱ्यातल्या कोळिष्टकाकडे.
‘आत्या, पाल,’ ती म्हणाली, ‘कुठंय?’

खडी तापली होती.
माझ्या ते तेव्हा लक्षात आलं.