रकाना सातवा

पुनोहून दर शुक्रवारी तक्ता येतो:
किती हजर, किती पुरावे, फोटोसह.
मी, एउफेमिया, खाटेवर बसून भरते.
पलीकडच्या खोलीत नवरा खोकतो,
त्याला रकाना नाही.

विल्बेरचा गृहपाठ अकरा दिवस नाही.
काल रात्री फोन आला, शेजारणीच्या नंबरवरून:
"बाई, आईला उठवत नाही.
किन्वाला पाणी किती?"

एकास दोन, म्हटलं.
आधी चोळून धू, फेस जाईपर्यंत.
आच मंद. झाकण अर्धं.
आणि तिला उठवून बसव,
आडवीला भरवू नकोस.

मग आम्ही दोघं गप्प,
फोन न ठेवता,
भांडं खदखदेपर्यंत.

गणित, गुणोत्तर: शिकवले.
पुरावा: फोटो नाही.
वास गेला असेल शेजारणीपर्यंत,
तिला विचारा.