जाळाविना

सीपीआरमध्ये चार नंबरच्या खाटेवर
वडणग्याचे कृष्णात खाडे.
चाळीस हंगाम गुळव्या.
भेंडीचं पाणी ओतायचं, मळी वर आली की
झाऱ्यानं काढत राहायचं,
खाली चिपाडाचा जाळ, बनियन अंगाला चिकटलेलं.

"हितं जाळ कुठं हाय ओ?"
म्हटलं, मामा, पंप नुसता रक्त फिरवतोय.
युरियाला कुणी ढकलत नाही.
नळीत केसाएवढ्या हजारो पोकळ काड्या,
काडीच्या भिंतीपलीकडं स्वच्छ पाणी.
इकडं दाटी, तिकडं मोकळं.
कण आपले भरकटतात,
परत येणारेही असतात,
जाणारे जास्त.

"बाजार सुटल्यागत."
तसंच.
"आणि रक्ताच्या लाल गोळ्या निघाल्या तर?"
त्या थोराड. भोकात मावत नाहीत.

बराच वेळ ते नळीकडं बघत राहिले,
रस बघावा तसे, डोळे बारीक करून.
"दोन्हीकडं सारखं झालं की?"
मग जाणं-येणं बरोबरीला येतं, मामा.
म्हणून पलीकडचं पाणी सारखं बदलायचं.

"मग फुकट कुठं ओ?
कुणीतरी पाणी वाहतंयच की!"
आणि हसले,
सुईचा हात तेवढा
न हलवता.