पॉइंट वन नॉर्मल

दोन्ही बॅचचं कॉस्टिक मी एकाच बाटलीत करतो:
चार ग्रॅम, वर लिटरभर पाणी.
हाताला लागलं तर साबणासारखं बुळबुळीत.
लेबलवर ०.१ एन, तारीख, माझी सही.
बाटलीला माहीत नसतं
रसायन कुणाचं मुख्य
आणि कुणाचं नुसतंच दोन क्रेडिटचं.

साडेसातची बॅच मेजरवाल्यांची.
पांढरे कोट, पाठीवर अजून दुकानातली घडी.
ओतूरकर सर दारातूनच विचारतात, मोल म्हणजे काय,
आणि चाळीस माना खाली,
जणू मोल कुणाच्या तरी बाकाखाली सांडलाय.
त्यांना मी नंबर घातलेल्या बाटल्यांतून आम्ल देतो, अननोन.
किती तीव्र ते त्यांनी शोधायचं,
मी विसरायचं.

दुपारची बॅच बाकीच्यांची.
बी.कॉम., मानसशास्त्र, एक मुलगा तर संस्कृतचा.
विषयाचं नाव ‘रोजच्या जगण्यातलं रसायन’.
कोट नाहीत. जोगदेव मॅडम म्हणतात, केस बांधा, ओढणी खोचा.
यांना लिंबं,
मंडईतून दर बुधवारी दीड डझन, पावती माझ्या नावावर.
सरांनी एकदा विचारलं,
काय शिळीमकर, सरबताचा वर्ग सुटला का?
मी हसलो.
एकोणतीस वर्षं हसतोय, पगारात धरलेलं आहे ते.

गुलाबी मात्र दोन्हीकडे सारखाच येतो,
एका थेंबाने,
आणि फ्लास्क तसाच ठेवला की उडून जातो.
सकाळचे विचारतात, मामा, रीडिंग चुकलं का?
दुपारचे विचारतात, मामा, रंग गेला कुठे?
मी सांगतो, हवा लागली.
इतके जण श्वास सोडतोय ना आपण इथे.

तर त्या बुधवारी
मॅडमनी फळ्यावर लिहिलं अमोनियम क्लोराइड
आणि म्हणाल्या, हे घरी सहसा नसतं.
मागच्या बाकावरून शाल्मली वडके: आमच्याकडे असतं.
नवसागर ना? डबाभर.
तांबट आळीतली.
तिचे काका कल्हई करतात, अजूनही, हॉटेलवाल्यांची.
भांडं तापवायचं, किती ते डोळ्यांना कळतं,
चिमूटभर नवसागर, धूर उठला की कथलाची कांडी,
मग कापसाचा बोळा गरगर,
आणि तोवर श्वास रोखायचा.
का रोखायचा, ते कुणी सांगितलं नाही.

मॅडमनी खडू ठेवला.
मग उचलला, आणि सकाळच्या पोरांनी
दोन मार्कांसाठी घोकलेलं समीकरण
हळूहळू लिहिलं, जणू आत्ताच सुचतंय.
तापलं की फुटतं. अमोनिया वेगळा, आम्ल वेगळं.
आम्ल तांब्यावरचा काळा थर खातं.
उरलेलं दोन्ही वर जाऊन पुन्हा भेटतं,
तोच तो पांढरा धूर.

म्हणजे काका खोकतात ते हे, शाल्मली म्हणाली.

मी सिंकपाशी ब्युरेट धूत होतो.
नळ बंद केला.

खोटं कशाला सांगू, पुढे काही घडलं नाही.
ती बी.कॉम.च राहिली, टिळक रोडला जीएसटीचा क्लास लावलाय.
काकांना मास्क नेऊन दिला होता,
त्यांनी तो खिळ्याला टांगलाय म्हणे.
सेमिस्टर संपताना
वर्तमानपत्रात बांधून नवसागराचा एक खडा देऊन गेली.
मी तो कपाटात ठेवलाय, रजिस्टरला नोंद नाही.

परवा सरांच्या हाती लागला.
हे काय शिळीमकर?
अननोन, म्हटलं.
त्यांनी तो नाकापासून लांब धरला,
पोरांना शिकवतात तसा हाताने वारा घेतला,
म्हणाले, वास नाही याला.

तापवल्याशिवाय येत नाही, सर.