उलटा काठ

सकाळी सव्वासहाला मी मागाच्या खड्ड्यात टॉर्च मारते.
बाबूंचे पाय चाळीस वर्षं जिथे पावड्या दाबत होते
तिथे आता अंधार, ओल,
आणि भिंतीला टेकलेल्या चौघी,
बूड वर, डोकं खाली,
ठोकताना वाकलेल्या चुकांसारख्या.
काचेची नळी, रबराची शेपटी तोंडात,
एक हलका श्वास आत.
आल्या.

मलेरिया विभागात मला बारा वर्षं झाली.
तांडापेठेतली कोष्ट्याची पोर डासिणींची अंडाशयं उकलते,
हे शकूमावशी अजून लग्नाघरी सांगत नाही.
"हापिसात आहे," म्हणते.

अर्धगर्भारच लागते. पोटात अर्धं रक्त, अर्धी अंडी:
कालचं जेवण आणि परवाची लेकरं.
रक्त कोणाचं, यासाठी रजिस्टरात एक रकाना आहे.
मी लिहिते, माणूस.
खड्ड्यापासून चार हातांवर बाबूंची खाट आहे,
त्याला रकाना नाही.

सुईच्या टोकाने काढायचं, जांभळ्या रंगात भिजवायचं,
काच ठेवून अंगठ्याने दाबायचं,
कडेला नेलपॉलिश, बुधवारीच्या बाजारातलं, सगळ्यात स्वस्त.
मग भिंगाखाली उलगडतो पट्टा:
काळा, फिका, काळा, फिका, जाड, बारीक, दुहेरी.
पुस्तक म्हणतं गुणसूत्र.
मी घरी नुसतं सूत म्हणते.
एकच धागा शेकडो वेळा स्वतःच्याच कुशीला निजलेला,
म्हणून तर दिसतो.

वरून सगळ्या सारख्या. पंखांवर तेच ठिपके,
कानाशी तीच किणकिण.
भेद आत, दुसऱ्या सुताच्या उजव्या बाहीत,
जिथे एक तुकडा कधीकाळी तुटला, फिरला
आणि उलटाच सांधला गेला.

पहिल्या वर्षी मला तो दिसेना.
साहेब बोट ठेवत, मी मान हलवत असे.
शेवटी फोटो घरी आणला.
बाबूंनी चष्मा कपाळावर ढकलला.
आयुष्यभर करवत काठावर पोसलेली नजर.
चहाचा कप खाली ठेवायच्या आत म्हणाले,
"इथून इथवर उलटं लागलं न वं.
कोण होता मागावर?"

कोण होता मागावर,
हे आमच्या प्रयोगशाळेत कोणी विचारत नाही.

"मंग असं वाण चालते?"
चालते, बाबू. छतावरच्या टाकीत, कूलरच्या पाण्यात,
सिमेंटच्या या शहरात चांगलंच चालते.
"मंग फसलं नाही ते. नमुना पाडला."

गेल्या महिन्यात शंभर डासिणी औषधाच्या कागदावर सोडल्या,
तासभर. दुसऱ्या दिवशी मोजणी.
आधी सकाळी नळीच्या बुडाशी कोंडा पडलेला असायचा.
या वेळी एकसष्ट उभ्या.
एवढ्या लांब ओळीत एका जागी ल चा फ झालेला, बस.
विष येतं, कडी वाजवतं,
आतून कोणी ओळख देत नाही.

भाद्रपदात बाबूंना थंडी वाजून आली.
तीन गोधड्या, वर मी.
रक्ताच्या काचेवर निघाला. चौदा दिवसांच्या गोळ्या.
मी त्या आठवड्यात खड्ड्यातल्या प्रत्येकीची बाही पाहिली,
उलटी, सुलटी, उलटी.
त्याने काय कळणार होतं, मला माहीत नाही.
कापडावरून विणकर कळतो,
चावणारी कळत नाही.

शुक्रवारी कोरडा दिवस.
पोळा होऊन गेला तरी अंगणातला कूलर भरलेलाच.
पाण्यावर अळ्या, आडव्या,
धोट्यातून सुटून तुटलेल्या धाग्यासारख्या.
मी टब कलता केला.
खाटेवरून आवाज आला, अजून तापाने जड:
"समद्या नको फेकू व, माय.
दोन ठेव.
काठ पाहू."