शून्य

पाच सेकंद. फक्त पाच.
ताठ उभ्या राहा, हात सरळ खाली,
नजर समोरच्या पत्र्यावर.
सकाळपासून अकरा वेळा म्हटलंय हे मी
तासगावच्या बेदाण्याच्या शेडमध्ये,
मानेला, पाठीला, दोन्ही मनगटांना
काडेपेटीएवढ्या डब्या बांधत.
पट्टा करकरला की बाया हसतात.
"बैलागत सजवलं बघ हिनं."
"घुंगरं हायत, पर वाजत न्हाईत."
"वाजत्यात गं. तिच्या लॅपटापात."

बारावी रत्नाव्वा, जतकडची.
तेवीस हंगाम काड्या वेचलेली.
नजर पोचायच्या आत
काळ्या मण्यावर बोट पोचतं तिचं.

पाच सेकंद.
स्क्रीनवर तिची आकृती उगवली,
निळी, रेघांची, सरळसोट.
शून्य अंश.

मी डोळे वर केले.
खांदे पुढे, मान त्याहून पुढे,
बंद पट्टा तिच्यापुरता अजून सरकत असल्यासारखी.
"मावशी, ताठ."
"हुबी हाय की."

यंत्राची चूक नाही.
माणूस उभं राहील तेच शून्य,
असं आम्हीच शिकवलंय त्याला.
मग मुकादमानं बटण दाबलं, खडखडाट सुरू झाला,
दिवसभर ती वाकली
आणि तिचं वाकणं तिच्याच वाकण्यापासून मोजलं गेलं:
अकरा अंश. चौदा. नऊ.
संध्याकाळी तक्त्यात तिचं नाव हिरव्या रकान्यात.
धोका कमी.
शेडमधली सगळ्यात धडधाकट पाठ.

दुसऱ्या दिवशी डबी बांधताना तिनं विचारलं,
"काय निघालं माझं?"
खोटं सांगता आलं असतं.
सांगितलं खरं, शून्याचं, रकान्याचं, सगळं.
ती इतकी हसली की डबी पाठीवरून घसरली.
"गवंड्याची ल्योक मी.
भिंत सरळ हाय का, हे भितीलाच इचारतंय व्हय कोन?"

तिसऱ्या दिवशी जेवणाच्या डब्याबरोबर
कॅरीबॅगेत ओळंबा.
बापाचा. पितळी, कडेला सिमेंट चिकटलेलं.
दोरी तिनंच कानापाशी धरली.
लोळक डुलला, डुलला, थांबला.
खांद्यापाशी मोजलं: सहा बोटं.
"लिव्ह," ती म्हणाली.
मी लिहिलं. कुठल्या रकान्यात, ते ठरेना.
मागून मुकादम ओरडला,
ताई, माल पडलाय, किती वेळ?

"आता तू हुबी ऱ्हा."
"मी कशाला?"
"पाच शेकंद. नजर पत्र्यावर."
बाया हात पुसत जवळ आल्या.
गोड, आंबूस वास, गंधकाचा थोडा.
दोरी माझ्या कानाला लागली, गार.
मी ताठ होते. शपथेवर ताठ होते.
रत्नाव्वानं बोटं मोजली,
परत मोजली,
आणि अगदी हळू आवाजात विचारलं,
"वय काय गं तुझं?"