आठे कोनी नही शे

अमळनेरात बोरीच्या काठाला वाचनालय होतं, तत्त्वज्ञानाचं.
मी तिथला शिपाई, सुपडू.
चोवीस वर्षं धूळ झटकली. पुस्तकं वाचली नाहीत,
पण कुठलं पुस्तक आधी कुठं उसवतं
ते मला अजून विचारा.

भदाणे सर यायचे चारला. चारला म्हणजे चारला.
उन्हानं रस्त्यावर कुत्रं नसायचं, सर असायचे.
छत्री, पाण्याची बाटली, आणि ते जाड जर्मन पुस्तक
ज्याला मी सात वेळा खळ लावली.
पोरांना सांगायचे: फळाकडे बघू नका.
सगळ्यांनी केलं तरी चालेल, असंच करा.
माणसाला अवजारासारखं वापरू नका.
आणि खोटं? दाराशी मारेकरी उभा असला तरी नाही.
समजा तुम्ही सांगितलं, तो तिकडे पळाला,
आणि तो नेमका तिकडेच पळालेला असला तर?
पोरं हसायची. सर नाही.
एकदा कंडक्टरनं दोन रुपये जास्त परत दिले,
ते द्यायला सर पारोळा डेपोपर्यंत गेले.
जायचं तिकीट सात रुपये.

मग मार्चमधली ती दुपार.
चुडामण कोळी जिनिंगच्या काट्यावर वजनं लिहायचा.
क्विंटलमागं दोन किलो कमी लिही, म्हणाले.
त्यानं काटा दाखवील तेवढंच लिहिलं.
(सरांच्या विषयात त्याला पस्तीस.
वाढवून दिलेले नाहीत,
पस्तीसच पडले होते.)
मागच्या दारानं आला, घामानं निथळत,
भुवयांना कापूस.
मी आतून कडी घातली, त्याला बसवलं
नीतिशास्त्राच्या कपाटामागं.
तिथं जागा होती म्हणून. दुसरं काही नाही.

तिघं पुढून आले. एकाच्या हातात
गाठी आवळायची लोखंडी पट्टी.
मला विचारलंच नाही. शिपायाला कोण विचारतं.
"सर, तुम्ही खोटं बोलत नाही, गावाला माहीत आहे.
फक्त सांगा, पोरगा आत आहे का?"

कूलर टपटपत होता.
सरांनी चष्मा काढला, पुसला, घातला.
"मी सांगणार नाही," म्हणाले,
आणि खुर्ची ओढून दारात बसले, आडवे.
पन्नास किलोचा माणूस.

आता सांगणार नाही म्हणणाऱ्यानं सांगितलंच की.
ते एकमेकांकडे बघून हसले.
तेव्हा मी बोललो, फडकं झटकत.
खोटं मला आईच्या भाषेतच नीट जमतं:
"भाऊ, आठे कोनी नही शे.
सरले काय इचारतस, त्या तं पुस्तकमा ऱ्हातस.
पोऱ्या टेसनकडे गया, सुरतनी गाडी धराले."

गेले.
मागं कपाटाशी गेलो तर चुडामण तिथं नव्हता.
मागच्या दाराशी होता, दोन्ही हातांनी कडी ओढत,
स्टेशनकडेच निघालेला,
त्यांचा आवाज ऐकला तेव्हापासून.
कडी गंजून अडकली होती.
तिला तेल द्यायचं काम माझं.
सहा महिने दिलं नव्हतं.

रात्री तो पुलावरून गेला. कुठं, मी विचारलं नाही,
पुन्हा कोणी आलं तर खरं सांगता यावं.

"सुपडू," सर म्हणाले, "खोटं का बोललास?"
"तुम्ही बोलला नाहीत म्हणून."
एवढंच. रागानं नाही म्हणालो.
सर बराच वेळ माझ्या हातातल्या फडक्याकडे बघत राहिले.

दुसऱ्या दिवशी ते चार वाजून वीस मिनिटांनी आले.
चोवीस वर्षांत पहिल्यांदा.
पिशवीत शिवणयंत्राच्या तेलाची कुपी.
मी म्हणालो, राहू द्या, काम माझं आहे.
त्यांनी ऐकलं नाही. मी स्टूल धरलं.

आता ती कडी एका बोटानं उघडते.
मला ते बरं वाटत नाही.