अंडाकृती, नऊ बाय बारा

दोना देओलिंदा मंगळवारी आली.
बिस्किटांच्या डब्यातून फोटो काढला,
मेणकागदात गुंडाळलेला, जसा बाजारात मासा देतात.
बालताझार. वय सत्तावीस. लोकरी टोपी,
मिशी ओठांवर आलेली,
मागे जहाजाचा कठडा, आणि डोळे इतके बारीक
की ऊन होतं की हसू, सांगता येत नाही.
न्यूफाउंडलंडच्या धुक्यात त्याची एकट्याची होडी
मोठ्या जहाजाला परत लागलीच नाही.

'याला म्हातारा कर,' ती म्हणाली.
दगड तयार आहे म्हणे. वर दोन चित्रं बसायची,
चिनी मातीची, अंडाकृती, नऊ बाय बारा.
तिचं चौऱ्याऐंशीचं, आणि शेजारी हे.
'येणारे-जाणारे म्हणतील, आजी नि नातू.
मेल्यावर तरी माझं हसं नको.'

ईल्यावूत माझं दुकान आहे, चर्चच्या उतारावर.
पासपोर्ट, लग्नं, पांढऱ्या कपड्यांतली मुलं.
दिवसभर मी सुरकुत्या पुसतो, त्याचेच पैसे घेतो.
घालायचे किती घ्यायचे
ते दरपत्रकात नव्हतं.

नवा लेयर. गालांचं मांस
ब्रशनं ओढून बोटभर खाली आणलं.
नाकाचा शेंडा उतरवला, कानाच्या पाळ्या लांबवल्या.
ती स्टुलावर, मांडीवर पर्स, पर्सवर दोन्ही हात.
'टक्कल नको. त्याच्या बापाला नव्हतं.'
'पुढचा एक दात पडू दे,
अक्रोड दातानं फोडायचा, सांगून दमले.'
'कपाळाला एवढ्या आठ्या कशाला?
काळजी करायला मी होते ना.'

पण कातडी जमेना. रबरी दिसत होता,
शाळेच्या नाटकात पोरानं आजोबा व्हावं तसा.
साठ वर्षांचं ऊन, वारा, मीठ
कुठल्या फाइलमधून आणायचं?
तिनं काही न बोलता हात पुढे केला, पालथा.
खिडकीपाशी धरून मी त्याचा फोटो काढला.
या हातानं ती वाळवणीच्या मैदानावर
मासे पसरायची, उलटायची, पाऊस दिसला की गोळा करायची,
आणि संध्याकाळी मोजायची ते दुसऱ्याचे.
तिचे डाग, तिचं बारीक जाळं
मी त्याच्या गालावर क्लोन केलं.
तेव्हा कुठे तो कुणीतरी झाला.

मग दाखवलं तिला: ही पट्टी, ओपॅसिटी.
शून्यावर सत्तावीस, शंभरावर सत्याऐंशी.
माऊस तिनं आयुष्यात धरला नव्हता,
धरला घरट्यातून पडलेलं पिल्लू धरावं तसा.
वीस. 'इथे कौलं बदलली.'
पस्तीस. 'इथे एर्मेलिंदाचं लग्न.
वेदीपर्यंत माझ्या भावानं नेली तिला,
बूट चावत होते त्याचे.'
मग बोलणं थांबलं.
पट्टी सरकत राहिली, पुढे, जराशी मागे, पुन्हा पुढे,
आणि एकसष्टावर बराच वेळ.
तिथे काय होतं मी विचारलं नाही.
दोन चेहरे एकमेकांतून दिसत होते,
टोपी तेवढी एकच.

बाहेर पाववाल्याची गाडी भोंगा वाजवून गेली.
शेवटी तिनं त्याला शंभरावर आणून सोडलं,
चष्मा पुसला, स्क्रीनच्या इतकी जवळ गेली
की काचेवर वाफ धरली.
आता काहीतरी म्हणेल,
इतकी वर्षं कुठे होतास, असं काही,
म्हणून मी उगाच वळून
प्रिंटरचे कागद सरळ करू लागलो.

'मिशी काप जरा,' ती म्हणाली. 'ओठ दिसू देत.
तेव्हा ऐकत नव्हता.
या वयात ऐकलं असतं.'